जुनी गाडी, नवा मालक

लक्ष्मीपूजन, वहीपूजन आणि भाऊबीज आटोपली की व्यापारी घराला वर्षातली पहिली खरी सुटी मिळते. जयसिंगपुरातील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी या सुटीत कोकण पाहण्याचा बेत ठरला. माणसे सात: आई, दोघे भाऊ, त्यांच्या पत्नी आणि दोन मुले. कोल्हापूरवरून आंबा घाटाने रत्नागिरी, तेथून गणपतीपुळे, मग मालवण आणि गगनबावड्यावरून परत, असा सहा दिवसांचा प्रवास.

भाड्याच्या गाडीचा हिशेब आला तो ३१,८०० रुपयांचा. दररोज किमान ३०० किलोमीटरचे भाडे, मग गाडी मालवणात दिवसभर उभी का असेना. चालकाचा भत्ता वेगळा. धाकट्या तात्यांनी तो कागद पाहून बाजूला ठेवला. "अण्णा, यात आणखी लाख-सव्वा लाख घातले तर व्हॅन आपल्या दारात उभी राहील. सहलही होईल आणि गाडीही उरेल." व्यापाऱ्याला हा विचार पटण्याजोगाच होता. भाडे हा नुसता खर्च, गाडी ही मालमत्ता.

मोठ्या कुटुंबाला परवडणारी जुनी व्हॅन म्हटली की आपल्याकडे दोनच नावे प्रामुख्याने पुढे येतात. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली ओम्नी आणि २०१० साली आलेली ईको. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिचे इंजिन ७९६ सीसीचे आणि तेही पुढच्या आसनांखाली. सामानासह भरलेली गाडी घाट चढू लागली की त्याची ऊब चालकाला बसल्या जागी कळते. शिवाय चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नसते. गावातल्या फेऱ्यांसाठी ती कितीही गुणी असली, तरी म्हाताऱ्या आईला आणि मुलांना घेऊन करूळचा घाट चढण्यासाठी ती घेऊ नये. दोघा भावांनीही सात आसनी ईकोच शोधायची, असे ठरवले ते योग्यच झाले.

पहिली गाडी निपाणीत दिसली. बाजारभावापेक्षा तीस हजारांनी कमी. परंतु तिची नोंदणी कर्नाटकातली. अशी गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथे नवी नोंदणी आणि येथील वाहन कर, हे सारे ओघाने आलेच. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक ठेवायची असेल तर नवे नोंदणी चिन्ह घेणे कायद्याने बंधनकारक आहे. वाचलेले तीस हजार त्यात किती उरले असते हा प्रश्नच होता. दुसरी गाडी त्याहून स्वस्त, पण पिवळ्या पाटीची. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. परवाना परत करून ती खासगी करून घेण्याचे काम विक्रेता 'नंतर' करून देणार होता. तिसरीत मागची आसने नुकतीच बसवलेली दिसत होती, आणि नोंदणी पुस्तकात मात्र ती मालवाहू होती. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसांना अपघात झाल्यास विमा कंपनी आपली जबाबदारी नाकारू शकते.

चौथी गाडी मिरजेत मिळाली. २०१२ सालची, पांढऱ्या पाटीची, एकाच मालकाची. मागणी १,४०,००० रुपयांची. ओळखीच्या मेकॅनिकने सकाळी, इंजिन थंड असतानाच ती सुरू करून पाहिली. गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे दोष लपतात, म्हणून हा आग्रह. निळसर धूर नव्हता. टायरच्या कडेला मात्र ३११७ हे आकडे होते, म्हणजे तो २०१७ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली होती, पण रबर वयाने कडक झालेले. घाटाच्या उतारावर असा टायर भरवशाचा नव्हे.

रात्री दुकानात हिशेब मांडला गेला. चार टायर १२,०००, बॅटरी ४,५००, ब्रेक, क्लच आणि सर्व्हिसिंग ११,५००, विमा आणि हस्तांतरण ९,०००. गाडी पडली १,७७,००० रुपयांना. सहलीनंतर विकलीच, तर नव्या टायरांसह १,४५,००० येतील. घट ३२,०००, आणि हजार किलोमीटरचे पेट्रोल साडेसात हजारांचे. म्हणजे ३९,५०० रुपये; भाड्याच्या गाडीत चालक आणि इंधन दोन्ही धरून ३१,८००. एका सहलीसाठी गाडी घेणे महागच. ती दोन-तीन वर्षे राहिली आणि घरच्या कामाला आली तरच परवडणार. त्यातही २०२७ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होताच फेरनोंदणी, तिची तपासणी आणि पर्यावरण कर उभे आहेत. तात्या गप्प झाले, पण गाडी त्यांच्या मनातून गेली नाही.

अडचण निघाली ती कागदात. विक्रेत्याने कर्ज फेडून पाच वर्षे झाली होती, पण नोंदणीवर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटले की बोजा आपोआप उतरतो, असा पुष्कळांचा समज असतो. बँकेचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल झाल्याखेरीज तो उतरत नाही, आणि तो उतरल्याशिवाय किंवा बँकेने संमती दिल्याशिवाय नाव बदलत नाही. भावांनी पाच हजारांचा विसार दिला; बाकी रक्कम बोजा उतरल्यावर. याहून अधिक देणे शहाणपणाचे नव्हते.

हे सारे अण्णा एम-परिवहन ॲपवर तपासत होते. मिरजेच्या गाडीचा क्रमांक पाहून झाल्यावर त्यांनी सहज आणखी एक क्रमांक टाकला. दुकानाची जुनी डिलिव्हरी व्हॅन, पाच वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसाला तोंडी व्यवहारात विकलेली. पैसे रोख, किल्ल्या हातात, नमुन्यावर सह्या 'तुम्ही भरून घ्या' म्हणून कोऱ्या. ॲपमध्ये मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात; उघडी होती ती अण्णांच्याच नावाची होती. विमा दोन वर्षांपूर्वी संपलेला.

"विकली ना आपण? मग आपला काय संबंध?" तात्या म्हणाले.

संबंध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. हे न झालेली एक गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हाती गेली आणि तिच्या अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव होते त्याच्यावरच ठेवली. विमा नसलेल्या गाडीखाली उद्या कोणी सापडले, तर भरपाईसाठी अण्णांच्या दुकानाकडे बोट दाखवले जाणार.

फोन केल्यावर कळले की घेणाऱ्यानेही ती व्हॅन पुढे विकली होती, जतकडच्या एका भाजीवाल्याला. ती रोज बाजाराला जाते.

शुक्रवारी पहाटे भाड्याची गाडी दारात आली. आईने शिदोरीचे डबे मोजून ठेवले, मुले खिडकीसाठी भांडली. पुढची जागा मात्र रिकामी राहिली. अण्णा त्याच वेळी नमुना २९ आणि ३० चे कागद पिशवीत घालून जतच्या एसटीची वाट पाहत स्थानकावर उभे होते.