नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने भागत नाही

कर्जत-दहिवलीकडे साठीच्या बाईने कंबर धरली की उत्तर ठरलेले असते : वय झाले, कॅल्शियम घ्या. जड धातूंचा विषय काढला तर ऐकू येते, तो कारखान्यांच्या गावांचा प्रश्न. इथला भात घरचा, भाजी परसातली. यातले पहिले म्हणणे निम्मे खरे आहे. पाळी थांबल्यावर हाडे झपाट्याने विरळ होतात, हे कोणीच नाकारत नाही. पण तेवढ्यावर थांबले की पोटात काय जाते याची चौकशीच होत नाही.

घरच्या भाताचा भरवसा जपानच्या तोयामा प्रांतात टिकला नाही. जिंझू नदीकाठच्या शेतकरी बायाही घरचाच भात खात होत्या. वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण. तिच्यातले कॅडमियम नदीत उतरे आणि नदीचे पाणी खाचरांत जाई. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडावी इतकी त्यांची हाडे ठिसूळ झाली. रुग्ण बहुतेक उतारवयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बाया. हा ‘इताई-इताई’ आजार प्रदूषणामुळेच होतो, हे जपान सरकारने 1968 साली मान्य केले. कॅडमियम मूत्रपिंड नासवते. मग ड जीवनसत्त्व कामाला येत नाही, फॉस्फेट आणि कॅल्शियम लघवीवाटे निघून जातात. अशा शरीरात नुसती गोळी काय करणार?

इथल्या उल्हास नदीचे खोरे म्हणजे जिंझू नव्हे, आणि कर्जतचा तांदूळ विषारी आहे असा आरोपही नाही. पण ‘घरचे’ म्हणजे ‘तपासलेले’ नव्हे. शेजारच्या खालापुरात तर पाताळगंगेच्या काठी कारखाने उभे आहेत.

शिशाला मात्र नदीही लागत नाही, ते बाजारातून येऊ शकते. हळकुंडे आणून घरी दळली की भेसळ टळते, ही समजूत बांगलादेशात खोटी ठरली : तिथे लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळेधमक संयुग हळकुंडांनाच चोळले जात होते. असे शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत बसते. प्रौढाच्या शरीरातले 90 टक्क्यांहून अधिक शिसे हाडांतच असते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. गरोदरपणी, अंगावर पाजताना, पाळी गेल्यावर हाड झिजू लागले की तेच पुन्हा रक्तात उतरते. आईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत जाते.

इथे आहाराचे खरे महत्त्व आहे. अंगात लोह कमी असले की आतडे शिसे आणि कॅडमियम अधिक ओढून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणून नाचणीची भाकरी, कडधान्ये, पालेभाजीवर पिळलेले लिंबू हा या धातूंविरुद्धचाही बचाव आहे. तंबाखूच्या धुरातूनही कॅडमियम अंगात जाते, तेव्हा विडी सुटलीच पाहिजे.

बाकीचे काम घरच्या बाईचे नाही. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, तिथली वाणे दूरदूर पेरली जातात. त्या केंद्राने तालुक्यातल्या भाताचे आणि मातीचे नमुने कॅडमियम व शिशासाठी तपासावेत, अन्न व औषध प्रशासनाने इथल्या बाजारातली हळद तपासावी, आणि दोन्हींचे आकडे ग्रामसभेत व नगरपरिषदेत वाचून दाखवावेत. पुढच्या सभेत ही मागणी लेखी द्या.