पायाळू कुठून आणायचा?

उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या पाठीवरून पाय फिरवायचा किंवा हलकीशी लाथ मारायची, की उसण उतरली. गावाकडे अशा माणसाला मोठा भाव. सहा-सात वर्षांचं पोर का असेना, भलीभली माणसं त्याच्यापुढे निमूट पालथी पडत. आता बाळ पायाळू आहे असं कळलं की डॉक्टर बहुधा सिझेरियनच करतात, तेव्हा त्या शास्त्राने पायाळूंची टंचाईच व्हायला हवी.

गंमत अशी की लाथेने बरं वाटायचं. वाटणारच. अचानक धरलेली पाठ बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण सुटते. दुखणं अगदी असह्य झालं की आपण उपाय शोधायला निघतो, आणि तोवर त्याची उतरायची वेळ झालेली असते. श्रेय मिळतं ते लाथेला, बामाला, शेकाला, नाहीतर कुणा मेव्हण्याने कोकणातून आणून दिलेल्या तेलाला. घेऊ देत बिचारे. प्रश्न त्यानंतरचा आहे. पाठ सुटली की आपण तिला विसरतो, मग चार-सहा महिन्यांनी बादली उचलताना ती पुन्हा भेटते. या परत परत येणाऱ्या दुखण्यावर पायाळूकडे इलाज नाही.

हे दुखणं किती घरांत आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या बहुसंख्यांच्या बाबतीत अमुक एका हाडाकडे किंवा मणक्याकडे बोट दाखवता येत नाही. आपल्याला मात्र एमआरआयच्या फिल्ममध्ये गुन्हेगार हवा असतो. ‘गादी सरकलीय’ हे ऐकल्यावर माणूस पुढची दहा वर्षं त्या गादीच्या धाकात काढतो. पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून अधिकांच्या गाद्या थोड्याफार फुगलेल्या दिसतात, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे आणि दुखणं समजून घेणं आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांची मात्र नेहमीच्या उपचारात शिफारस करू नये, असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे तर पट्टा हा घरटी एक. कपाटात जुन्या छत्रीशेजारी असतो.

‘पडून राहा’ या सल्ल्याचंही तेच. अमेरिकेत १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ धरलेल्या काही रुग्णांना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाले फक्त कामावर लवकर गेले. चाळीस वर्षं होत आली, पण आपल्या घरांत अजूनही ‘हलू नकोस’ हीच माया.

जपणाऱ्या माणसाचं नेमकं काय होतं ते बघण्यासारखं असतं. तो खुर्चीतून उठताना श्वास रोखतो, दात आवळतो, कंबर लाकडासारखी ताठ करतो. वाकणं टाळतो, म्हणून वाकायला लागणारे स्नायू ढिले पडतात. एकदा कधीतरी वाकावंच लागतं आणि चमक भरते. झालं, भीती पक्की. मज्जासंस्थाही हळूहळू अशी हळवी होते, की पूर्वी जिची दखलही घेतली नसती त्या ताणाने कळ येते. हे चक्र उलटं फिरवायचं तर शरीराला पुन्हा पुन्हा, थोडं थोडं दाखवून द्यावं लागतं की हे वाकणं धोक्याचं नाही. त्यासाठी सातत्य लागतं. रविवारी दोन तास घाम गाळून ते जमत नाही.

आणि लक्षही लागतं. इथे मला अय्यंगार गुरुजी आठवतात. बेल्लूरला १९१८ मध्ये फ्लूच्या साथीत जन्मलेलं, मलेरिया-टायफॉइड-क्षयाने खंगलेलं हे पोर १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आलं आणि पुण्याचंच झालं. यहुदी मेन्युहिन हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक १९५२ मध्ये मुंबईत त्यांना भेटला. व्हायोलिनवाला वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरून तासन्‌तास उभा असतो. मान, खांदे, पाठ यांची काय गत होत असेल ते सांगायला नको. मेन्युहिन थकलेला होता, झोप लागत नव्हती. काही मिनिटांसाठी ठरलेली ती भेट तासांवर गेली. अय्यंगारांनी त्याला आडवं करून शांत केलं आणि तो चक्क झोपला. पुढे त्याने त्यांना घड्याळ भेट दिलं, त्यावर ‘माझे सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक’ अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला होता. अय्यंगारांनी आयुष्यात व्हायोलिन शिकवलं नव्हतं.

शिवाजीनगरला १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत भिंतींना दोर लावलेले आहेत. लाकडी विटा, पट्टे, लोड, घडीच्या खुर्च्या असा सगळा संसार. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही व्यायामशाळा आहे की मांडववाल्याचं गोदाम असा प्रश्न पडावा. त्यामागचा विचार मात्र साधा आहे. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याने ओढाताण करून टेकवायचा नाही. जमीन विटेएवढी वर आणायची. धडपड थांबली की माणसाला आत बघायला फुरसत मिळते. भार टाचेवर आहे की चवड्यावर? उजवा गुडघा ताठ, मग डावा का ढिला? हात वर करताना मान कशाला आखडतेय? त्रिकोणासनात हे प्रश्न विचारले की पाच मिनिटांतही पुष्कळ काम होतं. कानात वायर घालून, बातम्या बघत ट्रेडमिलवर चालणाऱ्याचं हृदय सुधारेल, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचे कानापर्यंत चढलेले खांदे तसेच राहतील.

खांद्यांवरून एडमंड जेकबसन. शिकागोच्या या डॉक्टरने १९२९ मध्ये स्नायू सैल सोडण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपण दिवसभर कुठले ना कुठले स्नायू विनाकारण आवळून बसतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, हे त्याचं म्हणणं. पद्धत अशी: एक भाग मुद्दाम आवळायचा, ताण कसा वाटतो ते नीट जाणून घ्यायचं, मग सोडायचं. मूठ, दंड, कपाळ, जबडा, असं करत पायांपर्यंत. हे सिग्नलला स्कूटरवर बसूनही करता येतं. हँडल किती घट्ट धरलंय ते बघा एकदा. समोरचा रिक्षावाला काही त्याने लवकर हलणार नाही.

नव्याने व्यायाम सुरू करणारे चौथ्या दिवशी सोडतात, त्याचं एक कारण अंग भरून येणं. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं’ असं सांगायची जिममध्ये पद्धत आहे; ते आम्ल व्यायामानंतर तासाभरात ओसरलेलं असतं. दुखतं ते एक ते तीन दिवसांनी. नेहमीच्या सवयीपलीकडचा भार पडला की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना ठणका लागतो. यात विशेष हात उतरणीचा. सिंहगड चढताना छाती फुटायची वेळ येते, पण सोमवारी जिन्याचा कठडा धरायला लावतो तो गड उतरताना मांड्यांवर आलेला भार. स्नायू लांबत असताना वजन पेलतो तेव्हा त्याला जास्त सोसावं लागतं. पुढच्या रविवारी तोच गड उतरलात तर दुखणं बरंच कमी असतं, कारण स्नायू तेवढ्यात शहाणा झालेला असतो. दोन महिन्यांनी गेलात तर त्याचं शहाणपण विरलेलं असू शकतं. रथसप्तमीला एकदम एकशे आठ सूर्यनमस्कार घालून मग वर्षभर सूर्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

मग किती करायचं? फिजिओथेरपिस्ट मंडळींचा एक ठोकताळा मला पटतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं असावं. आलं नसेल तर काल जास्त झालं. आज बंद नाही करायचं, कमी करायचं. पण पायात जोर राहिला नाही, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप आहे, वजन उतरतंय किंवा पडल्यानंतर दुखायला लागलंय, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. आसनं नंतर.

‘घरकाम हाच माझा व्यायाम’ हे वाक्य मी आत्या, मावश्या, शेजारणी अशा सगळ्यांकडून ऐकलंय. बहुधा ते एखाद्या पुरुषाच्या ‘तू जरा व्यायाम करत जा’ला दिलेलं उत्तर असतं, त्यामुळे त्यातला राग रास्तच आहे. कष्टांबद्दल दुमत नाही. पण ओट्यापाशी, केरवारे करताना, धुण्याशी, सगळीकडे तेच पुढे वाकणं, तेच हात पुढे, तीच घाई. मागे वाकणं नाही, हात डोक्यावर नाहीत, श्वास घ्यायला उसंत नाही. या बाईला जास्त हालचालीची गरज नाही. वेगळ्या दिशेची, तिच्या स्वतःच्या गतीने केलेली हालचाल हवी, आणि त्या दहा मिनिटांत कुणी ‘चहा’ म्हणायला नको. घरातल्या इतरांनी करण्याजोगा एकमेव पाठीचा व्यायाम म्हणजे ती बादली आपण उचलणे.

कुठला प्रकार चांगला, योग की चालणं की पिलाटेस की वजनं, यावर लोक हिरिरीने भांडतात. जुनाट कंबरदुखीपुरतं बघितलं तर या प्रकारांत डोंगराएवढा फरक सापडत नाही. टेकडी आवडते त्याने टेकडी चढावी, पोहणाऱ्याने पोहावं. वेळ ठरवताना रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला व्यायाम बांधून टाकला तर तो टिकतो. कुकर लावला की भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, शिट्ट्या होईपर्यंत हात वर-खाली.

खंड पडणारच. गणपती आहेत, लग्नं आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत. अय्यंगारांनाही साठीच्या सुमारास स्कूटरच्या अपघातानंतर, मुरलेल्या शरीराने, पुन्हा सुरुवात करावी लागली होती. खंडानंतर मात्र जिथे सोडलं तिथून सुरू करू नये. निम्म्यावर यावं आणि आठवडाभर तिथेच राहावं. दिवाळीचा फराळ उतरवायला म्हणून पाडव्यानंतर एकदम टेकडीवर धावत सुटणारे दरवर्षी दिसतात. डिसेंबरात तेच फिजिओथेरपिस्टच्या बाकावर नंबर लावून बसलेले असतात, मोबाइलवर मान खाली घालून.