जेथे तुटले, तेथूनच पुढे

एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर कशी धाडावी, याचे नियम प्रथम लिहिले ते अभय भूषण यांनी. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा, म्हणजे एप्रिल १९७१ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीत होते. ‘एफटीपी’ या नावाने ते नियम जगन्मान्य झाले. पाठवणी वाटेत खंडित झाली, तर तुटल्या जागेपासून ती पुढे नेण्याची तरतूदही १९८५ च्या नियमावलीत आहे.

या तरतुदीचे मोल चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात कळते. सेकंदाला ६४ किलोबिट वेग मिळाला, तर १० मेगाबाइटच्या कागदपत्रांना सुमारे २१ मिनिटे लागतात. विसाव्या मिनिटाला वीज गेली, की सारे श्रम वाया! २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम मुदत मात्र पूर ओसरण्याची वाट पाहत नाही.

संकेतस्थळांवरील साध्या अर्जांत ही सोय आपोआप येत नाही. ती हेतुपुरस्सर करावी लागते. तेव्हा शासनाने प्रत्येक ऑनलाइन अर्जात ती अनिवार्य करावी. शिवाय तहसील कार्यालयात पेन ड्राइव्हवरून कागदपत्रे स्वीकारून दिनांकित पोच द्यावी आणि तोच दिनांक ग्राह्य धरावा. मनोरे आणि तारा अवश्य याव्यात. परंतु अखंड जोडणी गृहीत धरणारी व्यवस्था वनवासी विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठविते. यंत्राला जी सवलत चार दशकांपूर्वी मिळाली, ती माणसाला का नसावी?