पडदा काळा पडला, तर आधी तार तपासा



खेड, मावळ या भागांतल्या पुष्कळ घरांचा एक पाय शेतात आणि दुसरा कारखान्यात असतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे चिंचवड, भोसरी, आकुर्डी करीत कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. २००९ साली तर चाकणला फोक्सवॅगनच्या मोटारी तयार होऊ लागल्या. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण असे मोटारींचेही गाव झाले. मग २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. नोकरीची मुले लॅपटॉप काखोटीला मारून गावी परतली आणि शाळा-कॉलेज घरातच भरू लागले. त्या दिवसांत घरात आलेला लॅपटॉप पुढे घरचाच होऊन राहिला.

लॅपटॉपचा पडदा पडला लहान. सातबारा वाचताना वडीलधाऱ्यांचे डोळे दुखतात. डिप्लोमाला शिकणाऱ्या मुलीला यंत्राचे ड्रॉइंग काढायला जागा पुरत नाही. कोणाच्या लॅपटॉपची स्क्रीनच फुटलेली असते. मग पिंपरी कॅम्पातून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून एक वेगळा मॉनिटर घरी येतो, तार जोडली जाते आणि चार महिने सारे सुरळीत चालते.

आणि एक दिवस, नेमका अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला, मॉनिटर काळाठिक्कर पडतो. वर दोनच शब्द उमटतात, ‘नो सिग्नल’. घरात गलका होतो. ‘काल कोणी हात लावला होता?’ बहुतेक वेळा बोलणी खाते ती त्यावर अभ्यास करणारी मुलगी, नाहीतर झाडलोट करताना टेबल सरकवणारी सून. पाठोपाठ दुकानदार सांगतो, ‘बोर्ड गेला.’ हजारांची बात सुरू होते. खरा दोष पुष्कळदा काहीशे रुपयांच्या तारेत किंवा एका बटणात असतो. म्हणून आज हा दोष घरच्या घरी कसा हुडकायचा, ते पाहू.

विहीर, पाइप आणि वाफा

तुम्ही दारे धरता, तेव्हा वाफ्यात पाणी आले नाही तर काय करता? लगेच नवी मोटर आणत नाही. विहिरीत पाणी आहे का, पाइप कुठे फुटला का, आणि या वाफ्याचे दारे उघडले आहे का, हे क्रमाने पाहता. इथेही तसेच आहे. लॅपटॉप ही विहीर, तार म्हणजे पाइप आणि मॉनिटर हा वाफा. दोष या तिघांपैकी एकात असणार. तो कोणात आहे, एवढेच ठरवायचे आहे. नियम मात्र एकच पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. तार बदलली, बटणे दाबली आणि मॉनिटरही बदलला, तर चित्र आले तरी दोष कशात होता ते कळणार नाही, आणि तो पुन्हा उद्भवेल.

हात लावण्याआधी

पहिली गोष्ट जिवाची. लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येत असतील, तर पुढचे काही करू नका. पुष्कळ घरांत अर्थिंग नावालाच असते, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांच्या बोर्डात घातलेला असतो. मोटरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात तुम्ही मीठ-कोळसा घालता, उन्हाळ्यात पाणी ओतता. घराच्या अर्थिंगकडेही तसेच पाहा आणि परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्या. चित्राच्या तारेतून फार बारीक विजेचे खेळ चालतात. गळतीची वीज त्या वाटेने गेली तर पोर्ट जळते, आणि माणसालाही धक्का बसू शकतो.

म्हणून तार जोडताना वा काढताना दोन्ही यंत्रे बंद करा आणि बोर्डाची बटणेही बंद ठेवा. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावा. आभाळात गडगडू लागले की सगळे प्लग काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

आधी वाफ्याचे दारे पाहा

मॉनिटर सुरू करा. त्याचा बारीक दिवा लागला का? ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली का? आली असतील तर आनंदाची गोष्ट आहे. मॉनिटरला वीज मिळते आहे आणि त्याचा पडदा जिवंत आहे. तो फक्त म्हणतो आहे, ‘माझ्याकडे पाणी आले नाही.’ दिवाच लागत नसेल तर आधी विजेची तार, प्लग आणि बोर्ड तपासा.

आता मॉनिटरच्या कडेला किंवा मागे ‘सोर्स’ अथवा ‘इनपुट’ नावाचे बटण शोधा. मॉनिटरला मागे दोन-तीन पोर्टे असतात. तार एका पोर्टात आणि मॉनिटर वाट पाहतोय दुसऱ्या पोर्टाची, असे फार वेळा होते. पाणी एका सरीत आणि दारे दुसऱ्याच सरीचे उघडे, त्यातलाच हा प्रकार. बटण दाबून, तार ज्या पोर्टात आहे त्याचेच नाव निवडा.

मग विहीर

लॅपटॉपवर विंडोज असेल, तर विंडोजची खूण असलेले बटण दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. चार नावे येतात. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ म्हणजे चित्र फक्त लॅपटॉपवर. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच. ‘एक्स्टेंड’ म्हणजे दोन्ही पडदे मिळून एक लांब पडदा. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त मॉनिटरवर. चुकून पहिल्यावर बोट पडले असेल, तर मॉनिटर काळाच राहणार. ‘डुप्लिकेट’ निवडून पाहा.

तरी चित्र आले नाही, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणे एकदम दाबा. पडदा क्षणभर मिटतो आणि चित्राचा कारभार नव्याने सुरू होतो. तेही चालले नाही, तर लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. नुसते ‘शट डाउन’ करू नका. पुष्कळ लॅपटॉप ‘शट डाउन’ केल्यावरही आतली काही माहिती राखून ठेवतात, म्हणजे जुना गोंधळ तसाच राहू शकतो.

ज्यांच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली आहे आणि जे झाकण मिटून मॉनिटरवर काम करतात, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. झाकण मिटले की लॅपटॉप सहसा झोपी जातो आणि मॉनिटर काळा पडतो. तो बिघाड नव्हे. सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ असे निवडून ठेवा आणि चार्जर जोडलेला राहू द्या. मात्र असा मिटलेला लॅपटॉप गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नका. त्याला वारा लागतो, नाहीतर तो तापतो.

आता पाइप

इतके करूनही पडदा काळाच असेल, तर संशयित एकच: तार. आणि ती तपासायला दुकानात जायची गरज नाही. घरात टीव्ही आहे, सेट-टॉप बॉक्स आहे. दोघांमध्ये चपटी, रुंद तोंडाची एचडीएमआय केबल असेल, तर तुमचे काम झाले. रोज बातम्या दाखवणारी ती केबल चांगली आहे, हे ठाऊकच आहे. (तिथे लाल, पिवळी, पांढरी अशी तीन टोकांची वायर असेल, तर शेजाऱ्याकडून घडीभर एचडीएमआय केबल मागून आणा.)

पहिली परीक्षा: टीव्हीची केबल लॅपटॉपला लावून टीव्हीवर चित्र येते का पाहा. टीव्हीचाही सोर्स बदलायला विसरू नका. चित्र आले तर लॅपटॉप निर्दोष.

दुसरी परीक्षा: तीच केबल सेट-टॉप बॉक्समधून मॉनिटरला लावा. नुसता मेनू दिसला तरी पुरे, मॉनिटर निर्दोष. आवाज आला नाही तर घाबरू नका, पुष्कळ मॉनिटरांना भोंगा नसतोच.

दोघेही निर्दोष ठरले, तर चोर सापडला: तुमची जुनी तार. पहिल्या परीक्षेत चित्र आले नाही तर दोष लॅपटॉपकडे, दुसऱ्या परीक्षेत आले नाही तर मॉनिटरकडे. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि घरातल्या कोणालाही दोष द्यावा लागत नाही.

तारेच्या जाती

जुन्या मॉनिटरला बहुधा निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए केबल असते. ही जात १९८७ सालची. तिच्यात पंधरा पिनांची जागा असते, आणि तांबडा, हिरवा, निळा या रंगांना वेगवेगळी वाट असते. त्यामुळे ही तार आपला दोष स्वतःच सांगते. चित्र पिवळट दिसले तर निळ्याची वाट तुटली. जांभळट-गुलाबी दिसले तर हिरव्याची. आकाशी-हिरवट दिसले तर तांबड्याची. अशा वेळी तार सोडून तोंडात पाहा. एखादी पिन वाकलेली असेल तर बारीक चिमट्याने अगदी हलक्या हाताने सरळ करा. काही केबलींत मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते, ती मोडली असे समजू नका. जोडताना दोन्ही स्क्रू आवळा.

एचडीएमआय केबलीत एकोणीस पिना असतात आणि तिला स्क्रू नसतात. म्हणूनच टेबल सरकले, तार ओढली गेली की ती सैल होते. पोर्टात धूळ बसली असेल तर सारे बंद करून कोरड्या मऊ ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. सुई, टाचणी, रॉकेल, पाणी यांपैकी काहीही आत जाता कामा नये.

तिसरी जात म्हणजे टाइप-सी, हल्लीच्या मोबाइलच्या चार्जरसारखी. इथे फसगत फार होते. सगळ्या टाइप-सी पोर्टांतून चित्र जात नाही, आणि चार्जिंगच्या बहुतेक साध्या केबलीतूनही जात नाही. तोंड बसले म्हणून काम झाले, असे समजू नका. लॅपटॉपचे ते पोर्ट चित्र देते का, हे लॅपटॉपचा मॉडेल नंबर सांगून आधी विचारून घ्या.

लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल, तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो फूट व्हॉल्व्हसारखा एकाच दिशेने चालतो. म्हणून दुकानात ‘लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए’ असे स्पष्ट सांगा. उलट दिशेचा घेतला तर पैसे वाया.

चित्र येते पण लुकलुकते, मध्येच जाते, अशी तक्रार असेल तर दोन्ही टोके हलकेच हलवून पाहा. हलवल्यावर चित्र ये-जा करीत असेल, तर सांधा सैल आहे. दुसऱ्या तारेनेही तसेच होत असेल, तर पोर्टच सैल झाले आहे. फार लांब तारही त्रास देते. टेबलावरच्या कामाला दीड-दोन मीटरची पुरते.

दुकानात जावेच लागले, तर

दोष लॅपटॉपच्या पोर्टात किंवा मॉनिटरच्या आत निघाला, तर मात्र घरी स्क्रू खोलू नका. दुकानात जाऊन ‘चालत नाही’ एवढेच सांगू नका. ‘दुसऱ्या केबलीने टीव्हीवरही चित्र येत नाही, मॉनिटर मात्र सेट-टॉप बॉक्सवर चालतो’ असे सांगा. परीक्षा करून आलेल्या गिऱ्हाइकाला कोणी सहजासहजी फसवत नाही. खर्चाचा आकडा आधी लिहून घ्या, पावती घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. लॅपटॉप देण्याआधी कागदपत्रे आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. बँकेचा पासवर्ड त्यात साठवला असेल तर तो काढून टाका.

निकामी ठरलेली तार तांब्याच्या लोभाने बांधावर जाळू नका. तिच्या आवरणाचा धूर विषारी असतो. जुनी यंत्रे घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे ती द्या.

शेवटी एक सांगणे. चाकणच्या कारखान्यात यंत्र थांबले, तर आधी दोष कुठे आहे ते पाहतात आणि काय केले ते वहीत लिहून ठेवतात. तुमचा मुलगा तिथे हेच काम करीत असेल. हीच रीत घरात आणा. एक वही करा. कोणत्या तारखेला काय बिघडले आणि कशाने सुधारले ते लिहा. ती वही मुलीच्या हाती द्या, आणि पुढच्या वेळी पडदा काळा पडला की तिला बोलण्याऐवजी तिलाच विचारा, ‘बाळ, दोष विहिरीत आहे, पाइपात की वाफ्यात?’ ती शोधून काढील.

बाकी पुढच्या अंकी. राम राम.