बॉयलरचं प्रेशर रोज पडतंय? नुसतं पाणी भरत बसू नका

इंग्लंडमध्ये 1 मे 2026 पासून खासगी घरमालकाला कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देऊन भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. हा बदल 'रेंटर्स राइट्स ॲक्ट'मुळे झाला. शिक्षण किंवा नोकरीसाठी तिकडे राहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी याचा साधा अर्थ असा, की दुरुस्ती मागितली म्हणून घर जाईल ही धास्ती कमी झाली. म्हणूनच हिवाळ्यात हमखास छळणारा एक बिघाड नीट समजून घेऊ.

नेमकं होतं काय?

कॉम्बी बॉयलर तेच ते पाणी गरम करून रेडिएटरमधून फिरवत ठेवतो. हे सर्किट बंद असतं. पाणी 20 वरून 80 अंश सेल्सिअसला गेलं की साधारण 3 टक्के फुगतं. म्हणजे 100 लिटर पाण्याला जवळपास 3 लिटर जास्तीची जागा लागते.

ही जागा देतो एक्स्पान्शन व्हेसल. हा स्टीलचा डबा असतो आणि त्यात मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की हवा दबते, आणि प्रेशर आटोक्यात राहतं.

काही वर्षांत ही हवा कमी होत जाते. मग हीटिंग लावलं की प्रेशर थेट 3 बारला भिडतं. तिथे कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी पाइपमधून घराबाहेर पडतं. सिस्टम थंड झाली की प्रेशर 1 बारच्या खाली येतं आणि बॉयलर बंद पडतो.

आपण फिलिंग लूप उघडून पाणी भरतो आणि दुसऱ्या दिवशी तेच. शिवाय प्रत्येक वेळी नव्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजायला लागतात.

फोन काढा, फोटो घ्या

प्रेशरच्या काट्याचा एक फोटो सिस्टम थंड असताना आणि एक अर्धा तास हीटिंग चालल्यावर घ्या.

- थंड असताना 1 ते 1.5 बार, गरम झाल्यावर थोडीच वाढ: सगळं ठीक.
- गरम झाल्यावर 3 बारच्या जवळ, थंड झाल्यावर 1 च्या खाली: व्हेसलवर संशय.
- गरम असो वा थंड, प्रेशर हळूहळू पडतंय: कुठेतरी गळती.
- हीटिंग बंद असतानाही चढतंय: बहुधा फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह नीट बंद नाही.

दुरुस्ती कशी होते?

बॉयलर बंद करून पाण्याच्या बाजूचं प्रेशर आधी शून्यावर आणतात. ही पायरी गाळली तर हवेचं रीडिंग खोटं येतं. मग व्हेसलच्या व्हॉल्व्हमधून, कंपनीने सांगितलेल्या प्रेशरपर्यंत हवा भरतात. हा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या टायरला असतो तसाच असतो. त्यातून पाणी आलं, तर पडदा फाटलाय आणि व्हेसल बदलावा लागेल.

यूट्यूब बघून हे स्वतः करायला जाऊ नका. व्हेसल बहुतेकदा बॉयलरच्या आतच असतो, आणि गॅस बॉयलरचं कव्हर उघडणं हे 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या इंजिनिअरचंच काम. तो कोणत्या कामासाठी पात्र आहे, हे त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. बिनधास्त मागून बघा.

खर्च कोणाचा?

1985 च्या 'लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट'नुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. 'गॅस सेफ्टी चेक तर झालाय' असं उत्तर आलं, तर लक्षात ठेवा: दर 12 महिन्यांनी होणारी ती तपासणी गॅसच्या सुरक्षेची असते, ती म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे.

फोनवर बोलून सोडून देऊ नका. दोन्ही फोटो, तारखा आणि कितीदा पाणी भरलं ते ईमेलने पाठवा. 'हीटिंग चालत नाही' एवढंच लिहिण्यापेक्षा 'थंड असताना 0.4, गरम झाल्यावर 3 बार, व्हेसल तपासा' या एका ओळीने काम लवकर हलेल.