पोटभरल्यांची प्रवचने

दिवाळीच्या अंकात कष्टादुःखाचा विषय कशाला, असे वाचकांपैकी कुणी म्हणेल. पण आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी आणि दुःख यांची फारकत कधी झालीच नाही. दसरा उलटला की ऊसतोडीला माणसे निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती पावसाळ्यातच खाऊन संपलेली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. आणि बरोबर पोरेबाळे. मी मास्तर आहे. सुटी संपून शाळा भरेल तेव्हा कोणते बाक रिकामे राहणार, हे हजेरीपट उघडण्यापूर्वीच मला ठाऊक असते. आमच्या भागात ख्रिस्ती घरे थोडकी. त्यांतलीही काही याच वाटेने जातात आणि त्यांचा नाताळ उसाच्या फडात होतो.

निघताना या माणसांच्या पदरी शिदोरीबरोबर उपदेशही पडतो. संकट ही देवाची देणगी आहे. आगीत सोने उजळते तशी दुःखात श्रद्धा उजळते. तेव्हा कुरकुर करू नका! सांगणारा पगारदार, ऐकणारा कर्जदार. मी स्वतः ख्रिस्ती आहे, म्हणून घरच्या माणसाच्या हक्काने बोलतो : या उपदेशाशी माझे भांडण आहे.

दुःखाने श्रद्धा खोल होते, हे खोटे नव्हे. पण ती आपोआप होते, हे साफ खोटे आहे. पंडिता रमाबाईंचेच चरित्र पाहा. 1874 च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. थोरली बहीणही गेली. या कुटुंबाने व्रते केली होती, तीर्थे केली होती, जवळचे होते नव्हते ते दानधर्मात घातले होते. त्या दुःखाने रमाबाईंची जुनी श्रद्धा वाढली नाही; उलट ती ढासळली. पुढे भाऊ गेला, 1882 साली पती गेले. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही दुःखाने पाठ सोडली नाही. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. तरी बायबलाचे मराठी भाषांतर हातचे सुटले नाही. एकाच बाईच्या आयुष्यात दुःखाने एक श्रद्धा मोडली आणि दुसरी घट्ट केली. मग दुःखाला श्रद्धेचा कारखाना कसे म्हणावे?

आणि ही घट्ट झालेली श्रद्धा दिसली कशात? 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. ज्या भुकेने आपले घर खाल्ले, तिच्या तोंडातून त्यांनी इतरांची लेकरे ओढून काढली. त्याच 1897 साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्यांवर त्यांनी जाहीर पत्र लिहून सरकारला खडे बोल सुनावले. ‘देवाची इच्छा’ म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. देवावर पुरता भरवसा आणि माणसांच्या अन्यायावर पुरता राग, ही दोन्ही एकाच हृदयात सुखाने नांदली.

आमच्या शास्त्रातही हेच आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि बिघडले. शेवटी देवाचा कोप झाला तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, या उपदेशकांवर! याकोबाच्या पत्रातही उघड्यानागड्या, भुकेल्या भावाला नुसता कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याची चांगली कानउघाडणी आहे.

हिंदू वाचकांनी हे परक्यांच्या घरचे म्हणून सोडू नये. तुकोबांची बायको आणि मुलगा 1630 च्या दुष्काळात गेली असे सांगतात. त्यानंतर ते विठ्ठलाकडे वळले. पण जाताना त्यांनी काय केले? कर्जदारांची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड टिळक म्हणत. त्या पुलाखालून ही कर्जखतेही वाहत गेली आहेत, हे आपण विसरतो.

कुणी म्हणेल, मास्तर, फडातला माणूस स्वतःच म्हणतो की देवाने तारले. म्हणतो, आणि त्याचे ते म्हणणे मी डोक्यावर घेतो. पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर असताना जी बाई प्रार्थना करते, तिच्या श्रद्धेची खोली मोजण्याची माझी योग्यता नाही. पण ती साक्ष तिची आहे. ती उचलून तिच्याच डोक्यावर आणखी एक मोळी म्हणून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. दुःखाचा अर्थ ज्याचे दुःख त्याने सांगावा. इतरांनी ओझ्याला हात लावावा.

तेव्हा यंदा उपदेश आवरता घ्या. गाडी निघण्यापूर्वी विचारा : उचल किती, हिशेब कुणी लिहिला, पोर कुठे राहणार? एका पोराला हंगामभर आपल्या घरी दोन वेळ जेवू घाला, म्हणजे ते शाळेत बसेल. माझ्या वर्गातला एक बाक भरला, तर त्या दिवशीचे प्रवचन झाले असे मी समजेन.