घरात व्होल्टेज 150, स्टॅबिलायझर 170 पासूनचा : एसी घेण्याआधी काय मोजायचं?

उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात एसी आता फक्त शहरातली चैन राहिलेली नाही. रावेर, यावलच्या गावांतही केळीचे पैसे हाती आले की दीड टनाचा एसी घरात येतो. अडचण रात्री कळते. जेवणं आटोपून घरोघरी एसी, कूलर एकदमच सुरू झाले की पंखे मंदावतात, एसीचा कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि बंद पडतो.

मग स्टॅबिलायझर आणला जातो, तोही फक्त केव्हीए विचारून. दीड टनाला 4 केव्हीए हे गणित बरोबर आहे, पण अर्धंच. खरा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो : किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालणार. 170 ते 270 चा स्वस्त पडतो. पण घरात रात्री 150 व्होल्ट येत असतील तर त्याचा उपयोग नाही. तिथे 130 किंवा 90 पासून चालणारा लागतो. त्यामुळे खरेदीआधी वायरमनकडून तीन-चार रात्री, 8 ते 11 च्या दरम्यान, मल्टीमीटरने व्होल्टेज मोजून घ्यावं. दुपारचा आकडा कामाचा नाही. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इन्व्हर्टर एसीलाही मर्यादा असते, ती माहितीपुस्तिकेत बघावी. वीज परत आल्यावर तीनेक मिनिटं थांबणारा टाइम डिले आणि जास्त व्होल्टेजला कट-ऑफ हवाच. न्यूट्रल तुटला तर 230 चे 400 व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र दुकानात सहसा कोणी सांगत नाही. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही, तो जास्त ओढतो. 1,600 वॅटचा एसी 230 व्होल्टला सुमारे 7 अँपिअर घेतो. 150 व्होल्टवर तोच एसी चालवायला लाइनवरून 10 पेक्षा जास्त अँपिअर ओढावे लागतात. तारेतला करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडतं. एका घराचा एसी सावरला, शेजाऱ्याचा पंखा आणखी मंद! 63 केव्हीएच्या डीपीवर एका फेजच्या वाट्याला 21 केव्हीए येतात. त्या फेजवर दहा एसी लागले की 16 किलोवॅट तिथेच संपले. फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर वेगळी. मीटरचा मंजूर भार मात्र अनेक घरांत जुनाच. कागदावर भार दिसत नसेल तर मोठी डीपी मागायची कशाच्या जोरावर?

नियमाप्रमाणे घरगुती ग्राहकाच्या व्होल्टेजमध्ये 6 टक्के वर-खाली एवढाच फरक चालतो. 230 च्या हिशेबाने 216 ते 244. रात्री मोजलेले आकडे तारीख-वेळेसह लिहून, डीपीवरच्या पाच-दहा घरांनी मिळून महावितरणच्या उपविभाग कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली, तर 1912 वरच्या एकट्या फोनपेक्षा त्याला वजन येतं. फेजवरचा भार सारखा वाटून देण्याचं काम तर नवी डीपी येण्याआधीही होऊ शकतं.